गूळमिश्रित रसायन आणि मार्गारिटा

आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याला अमुक शिवारात पोलिसांचा छापा, हातभट्टी उद्ध्वस्त, इतके लिटर 'गूळमिश्रित कच्चे रसायन' जागीच नष्ट. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या 'रसायन' शब्दाचं हसू येतं, कारण बातमीदाराने नकळत नेमकं लिहिलेलं असतं. त्या ड्रममध्ये गूळ असतो, मोहाची फुलं असतात आणि नवसागर असतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला नायट्रोजन यीस्टला वाढीसाठी लागतो. भट्टीवाल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याला ते ठाऊक असतं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाचा आमच्या चोपड्याला आला. हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. वहीत व्हिस्कीची कॉकटेल्स, रमची, जिनची, टकीलाची अशी लांबलचक यादी. "मामा, पन्नास नावं झाली, पाच पण लक्षात राहीनात." मी म्हटलं, "नावं राहू दे, आधी पिकं पाठ कर."

दारू कुठलीही असो, तिच्यातलं इथेनॉल एकच. यीस्ट साखर खातं, त्यातून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इथेनॉल बारा-पंधरा टक्क्यांवर गेलं की बहुतेक यीस्ट आपल्याच कर्तबगारीने मरतं. त्यापुढची मजल भट्टीची. इथेनॉल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला, म्हणून तापवलेल्या मिश्रणाच्या वाफेत इथेनॉलचं प्रमाण जास्त येतं. ती वाफ थंड केली की झाली दारू. महागड्या स्कॉचमधला आणि हातभट्टीतला इथेनॉलचा रेणू शेजारी ठेवला तर कुठला कोणाचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. चव आणि वास ठरतो तो उरलेल्या चिमूटभर रेणूंवर.

त्यातल्या एकाशी आम्हा जळगावकरांची जन्माची ओळख आहे. आयसोअमाइल असिटेट नावाचं एक एस्टर, म्हणजे सुवासिक द्रव्य, असतं. प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडली की मागच्या बाकावरून आवाज येतोच, "सर, केळी!" रावेर-यावलच्या पिकवणी केंद्रांत जो वास नाकात भरतो, त्यातला मुख्य रेणू हाच. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण हा रेणू काही केळीच्या एकटीच्या मालकीचा नाही. यीस्टही तो बनवतं, म्हणून काही रममध्ये केळं न घालताही केळ्याचा वास येतो.

तर पिकं. रम उसाची, बहुतेकदा मळीची. ब्रँडी द्राक्षांची. व्हिस्की धान्याची, आणि इथे एक अडचण येते. धान्यात साखर नसते, स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. मग बार्लीला मोड आणतात. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते स्टार्चची साखर करतं. कळण्याच्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं तर तो गोडसर लागतो, तिथे लाळेतलं अमायलेज हेच काम करत असतं. पुढे व्हिस्की वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात पडून राहते, लाकडातून तिच्यात व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन उतरतं. आपल्या बाजारातली बरीचशी स्वस्त 'व्हिस्की' मात्र मुळात मळीच्याच स्पिरिटची असते, म्हणजे वंशावळीने ती रमची चुलतबहीण.

टकीला मेक्सिकोतल्या निळ्या अगेव्हची. भाच्याला हे नाव फार परदेशी वाटत होतं. त्याला शेताच्या बांधावर नेऊन घायपात दाखवला. त्याच कुळातला. अगेव्हच्या गड्ड्यात फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या असतात. गड्डा तासन्‌तास भाजला-वाफवला की त्या तुटतात आणि यीस्टच्या तोंडी लागतात. जिनमध्ये मूळ दारूला फारसं महत्त्वच नाही. जवळजवळ बिनवासाच्या स्पिरिटमध्ये ज्युनिपरची फळं आणि धने घालून ते पुन्हा वाफवायचं. हो, आपले भाजीतले धने. व्होडकाबद्दल काय लिहावं? वास नसणं हीच तिची ख्याती, म्हणून ती टोमॅटोच्या रसातही खपते आणि संत्र्याच्याही.

पिकं झाली, तरी यादी पन्नासाचीच राहते. पण ती एकाखाली एक वाचली तर निराळंच दिसतं. व्हिस्की, लिंबू, साखर : व्हिस्की सावर. रम, लिंबू, साखर : डायकिरी. टकीला, लिंबू, संत्र्याची गोड लिकर : मार्गारिटा. ब्रँडी, लिंबू, तीच लिकर : साइडकार. आपल्याकडे काळ्या मसाल्याचा रस्सा एकच असतो, त्यात शेव पडली की शेवभाजी, पातोड्या पडल्या की पातोड्यांची भाजी, वडे सोडले की डुबुकवडे. कॉकटेलचंही तेच. भाच्याने वहीत उभे-आडवे रकाने आखले तेव्हा पन्नास नावांची सात-आठ घराणी उरली.

आणि या रश्श्याचं मूळ बघायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. तापी सुरतेला समुद्राला मिळते. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज अर्क नावाची स्थानिक दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला मिसळून पीत. त्या पेयाचं नाव 'पंच', आणि ते आपल्या 'पाच'वरूनच आलं असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच काळात सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता खानदेशातून जात होता. टॉमस रो हा इंग्रज राजदूत 1615 मध्ये याच वाटेने नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला गेला. 'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या मिळते ती त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, 1806 मध्ये, अमेरिकेत : दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब.

जिन-टॉनिकची गोष्टही सातपुड्याला अनोळखी नाही. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभारली, त्या काळी इथल्या जंगलातल्या हिवतापाची गोऱ्या अंमलदारांना दहशत होती. त्यावरचं औषध क्विनाईन, ते सिंकोना झाडाच्या सालीतून वेगळं काढलं गेलं 1820 मध्ये. ते इतकं कडू की साखर-सोड्यात मिसळूनच घशाखाली उतरायचं. आजच्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनाईन नावापुरतं असतं, तापाला त्याचा उपयोग नाही, पण नोटा तपासायच्या यंत्रातल्या जांभळ्या दिव्याखाली बाटली धरा, पाणी निळं चमकतं. हा प्रयोग दारूशिवाय करता येतो, आणि मुलांना दाखवावा असा आहे.

भाच्याला सगळ्यात अवघड वाटलं ते बर्फाचं गणित. मटका कुल्फीवाला बर्फात मीठ का टाकतो? मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मिश्रण शून्याच्याही खाली उतरतं. कॉकटेल हलवायच्या भांड्यात, शेकरमध्ये, मिठाचं काम अल्कोहोल करतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात आणि त्या पेयातूनच घेतल्या जातात. म्हणजे बर्फ न वितळता थंडावा मिळत नाही, आणि तयार पेयाचा पाचवा-चौथा हिस्सा हे बर्फाचंच पाणी असतं. बारवाल्याने पाणी घातलं म्हणून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. लिंबाचा रस असेल तर खळखळून हलवायचं, कारण रस मिसळावा लागतो आणि हवेचे बुडबुडे हवेच असतात. नुसत्याच दारवा असतील तर चमच्याने ढवळायचं.

आता 'पहिल्या धारेची'. गावात हा शब्द कौतुकाचा. पहिली धार सर्वांत कडक असते हे खरंच आहे, सुरुवातीच्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. पण असिटाल्डिहाइडसारखी लवकर उडणारी तिखट द्रव्यंही त्यातच येतात, म्हणून जाणते भट्टीवाले सुरुवातीचा भाग बाजूला काढतात. मिथेनॉलची गोष्ट वेगळी. ते 64.7 अंशांना उकळतं, तरी पाण्या-इथेनॉलच्या मिश्रणातून सरळ आधी निघून जात नाही. दारूकांडांत माणसं मरतात ती बहुधा कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. यकृतात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांची नस जळते. साधं इथेनॉलही काही साळसूद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्य कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे.

भाच्याच्या तक्त्यात एक रकाना मी हट्टाने आखायला लावला : मोह. धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीच्या सुमारास रात्री ही फुलं गळतात आणि पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. फुलापासून गाळलेली अशी दारू जगात विरळाच. आदिवासींच्या याहामोगी मातेला तिची धार वाहिली जाते. इंग्रजांना ही फुकटची स्पर्धा खुपली. 1878 च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या आवळल्या, आणि 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी मोहफुलांवरच खास कायदा आला. आता सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात हीच दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीत विकली जाते, आणि सातपुड्याच्या अलीकडे आमच्या वर्तमानपत्रात 'कच्चे रसायन' म्हणून ओतून दिली जाते.

ताज्या मोहफुलाच्या वासात एक रेणू सापडलेला आहे, 2-असिटिल-1-पायरोलीन. बासमती शिजताना घरभर दरवळतो तोच. भाचा म्हणाला, "मग मामा, मोहाच्या सावरमध्ये साखरेऐवजी पेजेची निवळ घालून बघितली तर?" त्याच्या आईने आतून विचारलं, काय चाललंय. आम्ही दोघंही म्हणालो, भाताबद्दल बोलतोय.