संत्र्याचा ग्रीनिंग रोग : कलम घेण्याआधी एवढं वाचा

आमच्या रोपवाटिकेत संत्रा-मोसंबीची कलमं घ्यायला येणारे शेतकरी बहुतेक वेळा दोन गोष्टी विचारतात. खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) जंबेरीचा की रंगपूर लाईमचा? आणि उघड्यावरच्या पन्हेरीपेक्षा तुमच्या कलमाचा भाव जास्त का? खुंटाचं उत्तर तुमची जमीन पाहून लगेच देता येतं. भावाचं उत्तर एका रोगाशी आणि त्यावर आयुष्य घालवलेल्या काही शास्त्रज्ञांशी जोडलेलं आहे. गर्दीच्या दिवसांत उभ्या उभ्या ते नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

झाड कसं जातं

ग्रीनिंगचं झाड एका दिवसात वाळत नाही. आधी एखादीच फांदी पिवळी पडते, बाकी झाड हिरवंगार असतं. पुढच्या बहाराला आणखी दोन फांद्या पिवळ्या होतात. मग शेंड्याकडून सल (फांद्या वाळणं) वाढत जाते, फळं लहान आणि एका बाजूला कललेली राहतात, पिकण्याआधीच गळतात. शेतकरी जस्त देतो, मॅग्नेशियम देतो, शेणखत वाढवतो, ताण कमी-जास्त करून बघतो. झाड थोडं सावरल्यासारखं वाटतं आणि पुन्हा खाली जातं. तोवर दोन-तीन बहार हातचे गेलेले असतात.

फसगत होते ती पिवळेपणामुळे. तो अन्नद्रव्याच्या कमतरतेसारखाच दिसतो. पान तोडून उन्हाकडे धरा आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून बघा. जस्ताची कमतरता असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि हे दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच. ग्रीनिंगचा डाग मात्र असा जुळत नाही. डाव्या बाजूला पिवळा चट्टा, तर उजवीकडे त्याच जागी पान हिरवं, आणि चट्टा बारीक शिरा ओलांडून पसरलेला. शंका वाटली तर एका बाजूच्या चट्ट्याभोवती पेनाने गोल काढा, नेमक्या समोरच्या जागी दुसरा गोल काढा आणि दोन्ही गोलांतले रंग बघा. फळही उभं चिरून बघा. आतला मधला दांडा वाकडा, बिया काळपट आणि पोचट, आणि फळाला रंग आलाय तो देठाकडून, खालची बाजू अजून हिरवीच. अशी दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर संशय पक्का धरावा.

तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, कारण ग्रीनिंगच्या झाडात जस्ताची कमतरताही येतेच, आणि मग दोन्ही खुणा एकाच फांदीवर दिसतात. खात्री फक्त प्रयोगशाळेतल्या पीसीआर चाचणीने, म्हणजे पानात रोगजंतूचा जनुकीय अंश शोधून, होते. आपल्याकडे त्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे.

हे कळलं कसं

चीनच्या दक्षिणेकडे ग्वांगडोंग भागात हा रोग फार जुना. पाणी साचलं, जमीन बिघडली, खत कमी पडलं, अशी कारणं तिथेही लोक देत होते. लिन कोंगशियांग या शास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिलं की रोगट झाडाच्या काडीने कलम केलं तर निरोगी झाड आजारी पडतं. म्हणजे दोष मातीचा नाही, रोग संसर्गाचा आहे. आपल्या धंद्याच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट. डोळा (कलमासाठी काडीवरून काढलेली कळी) चांगल्या दिसणाऱ्या पण आतून रोगट झाडाचा घेतला, तर एकाच झाडापासून शेकडो आजारी कलमं तयार होतात आणि विकत घेणाऱ्याला काही कळतही नाही.

दुसरा धागा आपल्या पुण्याचा आहे. पुण्याच्या वनस्पती-विषाणू संशोधन केंद्रातले एस. पी. कपूर आणि त्यांचे सहकारी राव व विश्वनाथ यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलं की भारतात हा रोग सिट्रस सायला ही कीड पसरवते. पुढे १९७४ मध्ये त्यांनी दख्खनच्या काळ्या दगडाच्या मुलखातल्या ग्रीनिंगवर आणि सायलाशी असलेल्या त्याच्या नात्यावर आणखी लिहिलं. एवढं मोलाचं काम आपल्या महाराष्ट्रात झालं, पण संत्र्याच्या पट्ट्यात कपूरांचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. ते माहीत व्हायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

तिसरे शास्त्रज्ञ फ्रान्सच्या बोर्दो इथले जोसेफ बोव्हे. १९७० साली लाफ्लेश आणि बोव्हे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगट झाडाच्या अन्नवाहिन्यांत सूक्ष्म जीव पाहिले. तोवर बरेच जण याला विषाणू समजत होते. हा जीव पेशीभित्ती नसलेला मायकोप्लाझ्मासारखा आहे की खरा जिवाणू, हा वाद पुढे दहा वर्षं चालला. पेनिसिलिन टोचल्यावर झाडाची लक्षणं मागे हटली, तेव्हा उत्तर मिळालं. पेनिसिलिन जिवाणूच्या भित्तीवर काम करतं, म्हणजे याला भित्ती आहे. १९९४ मध्ये बोव्हे यांच्या गटाने जनुकीय पुराव्यावरून त्याला लिबेरोबॅक्टर हे नाव दिलं, तेच पुढे लिबेरिबॅक्टर झालं. हा जिवाणू आजही प्रयोगशाळेत वेगळा काढून टिकाऊपणे वाढवता येत नाही. त्याला अन्नवाहिनी लागते, नाहीतर सायलाचं शरीर.

बोव्हे यांच्या कामातली एक गोष्ट विदर्भासाठी फार महत्त्वाची. त्यांनी तापमान ठरवून ठेवलेल्या कक्षांत आफ्रिकेतला आणि आशियातला ग्रीनिंग शेजारी ठेवून पाहिला. आफ्रिकी प्रकार थंडीत लक्षणं दाखवतो, गरमीत दबतो. आशियाई प्रकार ३० अंशांच्या आसपासही लक्षणं दाखवत राहतो. आपल्याकडे आहे तो हाच. त्यामुळे ‘उन्हाळ्यात रोग आपोआप मरेल’ ही आशा धरू नका.

औषध नाही, हे स्पष्ट सांगतो

रोग लागलेलं झाड बरं करणारं औषध आजपर्यंत निघालेलं नाही. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक खोडात टोचलं तर झाड काही काळ सुधारतं, पण जिवाणू पुरता जात नाही आणि लक्षणं परत येतात. रोग पसरला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसलं. तिथे रोग २००५ साली सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये निघाल्या जेमतेम १ कोटी ६० लाख. त्या वर्षी चक्रीवादळाचाही फटका होता, पण बागा आधीच ग्रीनिंगने पोखरलेल्या होत्या.

आमच्या हातात काय, तुमच्या हातात काय

रोगाचे रस्ते दोन : डोळा आणि सायला. डोळ्याचा रस्ता बंद करणं हे आमचं काम. आमचे मातृवृक्ष (ज्यांचे डोळे घेतो ती झाडं) चाचणी केलेले आहेत आणि ते कीडरोधक जाळीत वाढतात. कलमंही जाळीतच, दुहेरी दाराच्या आत, पिशवीत तयार होतात. चाचणी, जाळी, दार आणि पिशवीतलं माध्यम यांचा खर्च कलमाच्या भावात दिसतो. कलम कुठूनही घ्या, पण ‘डोळे कोणत्या झाडाचे, त्या झाडाची चाचणी झाली का?’ हे विचाराच.

कलम तुमच्या शेतात लागलं की दुसरा रस्ता उघडतो, आणि तिथे आमची जाळी नसते. म्हणून सायला ओळखायला शिका. प्रौढ कीड ३-४ मिलिमीटरची, तपकिरी, पंखांवर ठिपके. बसते तेव्हा डोकं पानाला टेकलेलं आणि मागची बाजू तिरपी वर उचललेली. ही बसण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. अंडी पिवळसर, बदामाच्या आकाराची, अगदी कोवळ्या, न उलगडलेल्या पानांच्या बेचक्यात. पिल्लं चपटी, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या मेणाचे वळणदार धागे. पिल्लू असताना जिवाणू पोटात गेला की ती कीड पंख फुटल्यावर मरेपर्यंत रोग वाहते.

सायला अंडी घालते ती फक्त नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर. म्हणून वर्षभर फवारत बसण्याची गरज नाही, नवती फुटते त्या वेळा साधा. आपल्याकडे आंबिया बहाराची जानेवारी-फेब्रुवारीची, मृगाची जून-जुलैची आणि हस्ताची ऑक्टोबर-नोव्हेंबरची. फांदीखाली पांढरा कागद धरा, काठीने तीन वेळा टकटक करा आणि कागदावर काय पडतं ते बघा. काही नसेल तर पंप बाहेर काढू नका. असेल तर शिफारस केलेलं कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात घ्या, आणि लागोपाठ तेच ते वापरू नका.

फवारणी जपून करा असं म्हणतो त्याला कारण आहे. टॅमॅरिक्सिया नावाची बारीक गांधीलमाशी सायलाच्या पिल्लाखाली अंडं घालते आणि तिची अळी पिल्लाला खाऊन टाकते. भारतातून नेलेली हीच माशी हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर सोडली आणि तिथे सायला आटोक्यात आली. नवतीवर तपकिरी, कडक झालेली पिल्लं आणि त्यांच्या पाठीवर गोल भोक दिसलं तर समजा ही माशी तुमच्या बागेत काम करते आहे.

बांधावर किंवा घरामागे कढीपत्ता असेल, कुंपणाला कुंती लावली असेल, तर तिथली नवतीही तपासत चला, सायलाला ही झाडं आवडतात. पडीक, सोडून दिलेली संत्र्याची झाडं शेजाऱ्याची असली तरी त्याच्याशी बोलून काढायला लावा. चाचणीत ग्रीनिंग निघालेलं झाड तर मुळासकट काढा. आधी त्यावरची सायला मारा, मग कुऱ्हाड लावा, नाहीतर ती उडून शेजारच्या झाडावर जाते. फळं देणारं झाड तोडताना जीव तुटतो, ते आम्ही जाणतो. पण एक रोगट झाड ठेवणं म्हणजे भोवतीच्या निरोगी झाडांना रोज धोका.

आमच्या प्रत्येक पिशवीला मातृवृक्षाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते. लागवडीनंतर ती फेकू नका, कोणत्या ओळीत कोणता क्रमांक लावला ते वहीत उतरवून ठेवा. पुढे एखाद्या झाडावर संशय आला तर तो क्रमांक आम्हाला कळवा, म्हणजे त्या मातृवृक्षाची आम्ही लगेच पुन्हा चाचणी करून घेऊ. नमुना न्यायचा झाला तर डाग असलेली पक्व पानं देठासकट तोडा, त्यांवर कीड नाही ना हे बघा, आणि मगच पिशवीचं तोंड बांधा.