कुळागरातली सावली आणि हॉलमधली सावली

ऊन आणि सावली यांतला फरक कुणाला शिकवायला नको. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलचं दुपारचं ऊन लागलं की कॅलाथियाच्या पानांवर कागदासारखे कोरडे, पांढुरके डाग पडतात. ते पुन्हा हिरवे होत नाहीत. कुंडी आत ओढायची, विषय संपला. घोळ होतो तो सावली आणि सावली यांच्यात. नर्सरीवाला म्हणतो, 'सावलीतलं झाड आहे', आणि घेणारा ते नेऊन टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवतो.

कुळागरात, म्हणजे गोव्यातल्या पोफळी-माडांच्या बागेत, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल सावलीतच असतो. पण ती कसली सावली? उघड्यावर भर दुपारी साधारण १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. झावळ्यांतून गळून खाली येतो तोही काही हजार भरतो, वर दिवसभर कवडसे फिरत राहतात ते वेगळे. नर्सरीची ७५ टक्क्यांची हिरवी जाळी घ्या, तिच्याखाली दुपारी २५,००० च्या आसपास. आता फ्लॅटचा हॉल. ऊन न येणाऱ्या खिडकीला अगदी चिकटून दोन ते पाच हजार. दोन मीटर आत आलात की जेमतेम पाचशे. सोफ्यामागच्या कोपऱ्यात शंभर, कधी पन्नास. म्हणजे नर्सरीतल्या 'सावली'च्या अडीचशेव्या हिश्शावर झाड आणून ठेवलं, आणि दोष दिला खताला.

डोळा इथे फसवतो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, दृष्टिपटलही जुळवून घेतं, आणि शंभर लक्समध्ये पेपर आरामात वाचता येतो. म्हणून खोली 'छान उजेडाची' वाटते. पानाला अशी सोय नाही.

झाडाखाली उजेड वरून आणि चारी बाजूंनी येतो. खोलीत तो एकाच चौकोनातून येतो, आणि त्यातलाही वाटा छज्जा, ग्रील, डासांची जाळी आणि समोरचा माड खातो. म्हणून साधी परीक्षा करा: पान जिथे असेल तिथे डोळा नेऊन बघा, आकाश दिसतं का? समोरच्या इमारतीची भिंत नाही, आकाश. दिसत नसेल तर ती जागा शोभेची आहे, झाडाची नाही. आकडा हवा असेल तर फोनवर लक्स मोजणारं अॅप घ्या. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून फोन पानाच्या उंचीवर, स्क्रीन खिडकीकडे करून धरा, सकाळी अकराच्या सुमारास. मनीप्लांटला हजार तरी हवेत, मॉन्स्टेरा आणि अरेका पामला दोन-तीन हजार. क्रोटन घरात आणूच नये, रंग धरायला त्याला थोडं ऊन लागतंच.

स्नेक प्लांट आणि झीझी तीनशे लक्समध्येही टिकतात, पण टिकणं म्हणजे वाढणं नव्हे. 'लो लाईट प्लांट' ही चिठ्ठी वाचली की डोकं तापतं, कारण तिचा खरा अर्थ 'सावकाश मरणारं झाड' असा आहे.

कमी उजेडात मनीप्लांटच्या दोन पानांमधलं अंतर वाढतं, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, पिवळी नक्षी जाऊन पान नुसतं हिरवं होतं. खरा घात मात्र मातीत होतो. उजेड कमी म्हणजे पान अन्न कमी करणार, पाणी कमी ओढणार. कुंडी आठवडाभर ओली राहते, मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि पिवळी पानं बघून लोक आणखी पाणी घालतात.

'उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही' हा सल्ला थंड देशांतून आलेला. गोवा १५-१६ अंश अक्षांशावर आहे. मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मे महिन्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं. उलट डिसेंबरात दक्षिणेची खिडकी उन्हाने भरते. जूनमध्ये ढग आले की घरातला उजेड आणखी कमी होतो, तेव्हा कुंड्या खिडकीला चिकटवा आणि वरची दोन इंच माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं की त्याच कुंड्या दक्षिणेच्या खिडकीतून हातभर मागे घ्यायच्या. चार महिने ढगाळ उजेडात काढलेली पानं दोन-तीन दिवसांतही करपतात.

जुन्या घरात बाल्कांव, म्हणजे दारापुढची छप्पर असलेली उघडी पडवी, असेल तर प्रश्नच नाही, कुळागराच्या सर्वांत जवळची जागा तीच. काचेच्या कौलाखाली मात्र सांभाळून, दुपारचा कवडसा नेमका पानावर येतो.

कोपऱ्यातच झाड हवं असेल, तर त्याला दिवा द्या. शोभेची एलईडी पट्टी चालणार नाही. साधी २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब पानांच्या ३० सेंटिमीटर वर, रोज बारा तास. एवढ्या जवळून दोनेक हजार लक्स मिळतात. तीच ट्यूब छताला लावली तर पानापर्यंत शंभर-दीडशेच पोचतात.