पैसा घरी येणं आणि माणूस घरी नसणं: बाईची मजुरी नेमकी कशाने सुटते?

घरातला कर्ता पुरुष परदेशी कमवायला जातो, तिकडून पैसे येऊ लागतात आणि काही दिवसांनी घरातली बाई मजुरीला जाणं थांबवते. यावर ठरलेला निष्कर्ष निघतो: हातात पैसा आला, गरज संपली, म्हणून तिने काम सोडलं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. स्थलांतराने घरात एकदम दोन गोष्टी घडतात. पैसा येतो आणि माणूस जातो. दोन्हींमुळे बाईचं मोबदल्याचं काम सुटू शकतं, पण तिच्या वाट्याला येणारा दिवस मात्र अगदी वेगळा असतो.

पैशामुळे जे होतं त्याला अर्थशास्त्रात उत्पन्न परिणाम म्हणतात. घर चालण्याची सोय झाली की तुटपुंज्या मजुरीचं काम नाकारणं परवडतं. किमान किती मिळाले तर घराबाहेर पडायचं, हा तिच्या मनातला आकडा वर जातो. तिला थोडी उसंत मिळते. (हा निर्णय दर वेळी तिचाच असतो असं नाही. ‘आता कशाला जायचं बाहेर’ हे बऱ्याचदा घरातले मोठे ठरवतात.)

माणूस नसल्याने जे होतं ते याच्या उलट. नांगरट, पाण्याची पाळी, गुरं, बँकेतली खेप, म्हाताऱ्यांचा दवाखाना यांपैकी जे जे तो करायचा, ते तिच्या अंगावर येतं. रात्री शेताला पाणी देऊन आलेली बाई सकाळी दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीला कशी जाणार? तिची मजुरी सुटते ती काम वाढल्यामुळे. त्यात सुरुवातीचे महिने सगळ्यात कठीण. जाण्यासाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत आलेला पैसा हप्त्यांतच जातो. म्हणजे उत्पन्नाचा आधार अजून नाही आणि कामाचा बोजा मात्र पहिल्या दिवसापासून.

पाहणीच्या तक्त्यात या दोन्ही बायका एकाच रकान्यात जाऊ शकतात. 2013 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यासपीठावर श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने रोजगाराची व्याख्या बदलली. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं तेवढंच काम रोजगार धरायचं. मुख्यतः घरच्या खाण्यासाठी पिकवणं हे ‘काम’ आहे, पण रोजगार नाही. कामाला काम म्हटलं हे चांगलंच झालं. पण नुसता श्रमशक्ती सहभागाचा दर (कामाच्या वयातल्या किती जणी रोजगारात आहेत किंवा तो शोधतायत) पाहिला, तर पहाटेपासून घरच्या शेतात राबणारी बाई आणि खरोखर उसंत मिळालेली बाई, दोघीही ‘श्रमशक्तीबाहेर’ दिसू शकतात.

नेपाळमध्ये परदेशातून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पादनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा आहे. तिथल्या आकडेवारीवर लोकशिन आणि ग्लिन्स्काया यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांच्या स्थलांतराने बायकांचा मोबदल्याच्या कामातला सहभाग घटलेला दिसला. एवढ्यावर थांबलं तर ‘पैसा आला, काम सुटलं’ हेच खरं वाटेल. इजिप्तवरचा बिन्झेल आणि असाद यांचा 2011 चा अभ्यास म्हणूनच मला मोलाचा वाटतो: तिथे ग्रामीण भागात बायकांचं मजुरीचं काम कमी झालं आणि घरच्या शेतीतलं, बिनमोबदल्याचं काम वाढलं.

दोन्ही परिणाम वेगळे काढायचे, तर नोकरी आहे की नाही याऐवजी दिवसाचे तास विचारावे लागतात. जिथे पैसा येतो पण घरातलं कोणी गेलेलं नाही (वेगळ्या राहणाऱ्या भावाने किंवा मुलीने पाठवलेला), अशा घरांशी तुलनाही उपयोगी पडते. हे वेगळं काढणं गरजेचं आहे, कारण उपाय वेगळे आहेत. जिला चांगल्या मजुरीची वाट पाहायची आहे, तिला घराजवळ बरं काम हवं. जी कामाखाली दबली आहे, तिला पाळणाघर, नळाचं पाणी, भाड्याने मिळणारं यंत्र आणि स्वतःच्या सहीवर कर्ज हवं; तिच्यापुढे नोकरीची जाहिरात ठेवून काही उपयोग नाही.

अल्बानियात मेंडोला आणि कार्लेट्टो या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. घरातलं माणूस सध्या परदेशी असताना बायकांचं बिनमोबदल्याचं काम वाढलेलं होतं. पण ज्या घरांतलं माणूस पूर्वी परदेशी जाऊन आलेलं होतं, तिथल्या बायका स्वतःचा व्यवसाय करताना जास्त आढळल्या आणि फुकटच्या राबण्यात कमी.