कुत्री अडते तेव्हा

गावठी कुत्री बहुधा जिन्याखाली किंवा अर्धवट बांधकामाच्या आडोशाला कोणाच्याही मदतीशिवाय विते आणि वस्तीला सकाळी थेट पिल्लेच दिसतात. सर्व जातींचा एकत्र विचार केला, तर साधारण ५ टक्के बाळंतपणेच अडतात. मात्र चपट्या नाकाच्या विलायती जातींमध्ये हे चित्र पार उलटते. ब्रिटनमधील शुद्ध जातींच्या कुत्र्यांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बोस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या तीन जातींची ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. पिल्लाचे डोके मोठे, खांदे रुंद आणि आईचे कटीर (कमरेच्या हाडांचा घेर) अरुंद, अशी ठेवण माणसाने हौसेपोटी निवडून निवडून घडवली, त्याचा हा परिणाम आहे. आज अशा जाती आपल्या शहरांतील फ्लॅटमध्ये सर्रास पाळल्या जातात, त्यामुळे अडलेल्या बाळंतपणाची जाण पशुवैद्यकाइतकीच घरच्या माणसांनाही असायला हवी. विशेषतः एक गोष्ट पक्की ठाऊक असावी: बाळंतपण कधी गर्भाशयाचा जोर कमी पडल्याने अडते, तर कधी वाटेतच अडथळा असल्याने, आणि पहिल्या प्रकारावरचे औषध दुसऱ्या प्रकारात जिवावर बेतू शकते.

दिवस मोजण्यापासूनच घोळ सुरू होतो. बीज सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी कुत्री विते. परंतु बीज नेमके कधी सुटले हे मालकाला कळत नाही, त्याला माहीत असते ती फक्त नर दाखवल्याची तारीख. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात जवळजवळ आठवडाभर तग धरू शकतात, शिवाय कुत्रीचे बीज सुटते तेव्हा अपक्व असते आणि त्याला पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पहिल्या समागमापासून मोजले, तर ५७ व्या दिवसापासून ७२ व्या दिवसापर्यंत केव्हाही झालेले बाळंतपण वेळेवरचेच असू शकते. केवळ तारखेवर विसंबून घाईने सिझेरियन केल्यास फुप्फुसे पुरती तयार न झालेली पिल्ले हाती येतात. त्यापेक्षा शरीराने दिलेल्या खुणा अधिक भरवशाच्या असतात. विण्यापूर्वी साधारण २४ तास आधी रक्तातील प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवून धरणारे संप्रेरक, मिलिलिटरला २ नॅनोग्रॅमच्या खाली उतरते आणि त्यासोबत अंगाचे तापमान सुमारे एक अंश सेल्सिअसने घसरते. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा गुदद्वारातून तापमान घेऊन वहीत टिपून ठेवले, तर ही घसरण सहसा सापडते; एकदाच मोजणाऱ्याच्या हातून मात्र ती निसटू शकते, कारण काही तासांत पारा पुन्हा वर चढतो.

बाळंतपणाचा इशारा देते कोण? न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की, मेंढीमध्ये हा इशारा आईकडून नव्हे, तर पोटातल्या कोकराकडून येतो. दिवस भरत आले की गर्भाच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडू लागतात आणि तिथून प्रसूतीची साखळी सुरू होते. कुत्र्यांमध्येही बरेचसे असेच घडते, असे मानले जाते: पिल्लांच्या कॉर्टिसॉलमुळे वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) आणि गर्भाशय यांच्याकडून प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते, ते बीजकोशातील प्रोजेस्टेरॉन बनवणारे पीतपिंड मोडते, प्रोजेस्टेरॉन कोसळते आणि कळांना वाट मोकळी होते. पोटात एकच पिल्लू असेल, तर हा इशारा क्षीण पडतो. दिवस उलटून जातात, एकटे पिल्लू वाढतच राहते आणि इकडे वारेची ताकद ओसरू लागते. याउलट पिल्ले फार असतील, तर ताणून ताणून गर्भाशयाचे स्नायूच थकतात. म्हणून ५५ व्या दिवसानंतर एकदा एक्स-रे काढून पिल्ले मोजून घ्यावीत. चार मोजली होती आणि तीनच बाहेर आली, हे निश्चित ठाऊक असणे मध्यरात्री फार मोलाचे ठरते.

पहिल्या टप्प्यात कुत्री धापा टाकते, थरथरते, खाणे सोडते, अंथरूण उकरते, पण जोर करीत नाही. हा टप्पा ६ ते १२ तास, पहिलटकरणीत कधी २४ तासही चालतो आणि त्या वेळी तिला अंधारात, शांत जागी एकटे सोडणे हीच खरी मदत असते. घरभर गर्दी आणि मोबाइलचे कॅमेरे जमले की भीतीने कळा थांबू शकतात. पोट आवळून जोर सुरू झाला की मात्र घड्याळ हातात घ्यावे. सतत जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, किंवा आत आणखी पिल्ले असताना दोन तास उलटूनही पुढचे आले नाही, तर वाट पाहणे थांबवावे. सर्वांत स्पष्ट खूण रंगाची असते. कुत्रीच्या वारेच्या कडेला साठलेल्या रक्तातून हिरवे रंगद्रव्य तयार होते. वार सुटू लागली की ते बाहेर पडते. पिल्ले येऊ लागल्यावर दिसणारा हिरवा स्राव स्वाभाविक आहे. पण एकही पिल्लू आलेले नसताना गडद हिरवे पाणी दिसले, तर आत कोणाची तरी वार सुटली आहे आणि त्या पिल्लाचा प्राणवायू तुटत चालला आहे, असे समजून लगेच दवाखाना गाठावा.

मागचे पाय आधी आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कुत्र्यांत सुमारे ४० टक्के पिल्ले अशी पायाळूच जन्मतात. अवघड असते ते शेपूट पुढे आणि मागचे पाय पोटाखाली दुमडलेले पिल्लू, किंवा मान एका बाजूला वळलेले पिल्लू. पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले आणि डॉक्टर दूर असतील, तर स्वच्छ, कोरड्या फडक्याने ते निसटणार नाही असे धरावे, कडेने निर्जंतुक वंगण सोडावे आणि कळ येईल तेव्हाच मागे व खाली, आईच्या टाचांच्या दिशेने, हलका ताण द्यावा; कळ ओसरली की ताण सोडावा, पकड ठेवावी. पकड कमरेवर किंवा खांद्यांमागे असावी. एका पायाला किंवा डोक्याला धरून खेचल्यास सांधे निखळतात. आत हात घालून पिल्लू वळवण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नये.

आता इंजेक्शनाविषयी. पिल्लाचा दाब गर्भाशयमुखावर आणि योनिमार्गावर पडला की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे संप्रेरक सुटते आणि कळा वाढतात; सशांवरील अभ्यासातून १९४१ मध्ये हे मांडणाऱ्या फर्ग्युसन यांच्या नावाने ही प्रतिक्षिप्त क्रिया ओळखली जाते. पशुवैद्यक बोटाने योनीच्या वरच्या भिंतीवर दाब देऊन हीच क्रिया जागी करतात. बाहेरून दिलेले ऑक्सिटोसिन वाट मोकळी असेल आणि मात्रा अगदी थोडी असेल, तरच उपयोगी पडते. गोठ्यांमध्ये पान्हा सोडवण्यासाठी या औषधाचा गैरवापर होत आला आहे आणि त्यामुळे ते साधेसुधे वाटू लागते, ही मला गंभीर बाब वाटते. पिल्लू आडवे अडकले असताना ते टोचले, तर गर्भाशय बंद दारावर धडका मारत राहते. ते फाटू शकते, किंवा सलग आवळल्यामुळे उरलेल्या पिल्लांचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून आधी तपासणी आणि मग इंजेक्शन, हा क्रम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नये.

कॅल्शियमचेही तसेच आहे. कळांना जोर कॅल्शियममुळे येतो आणि मंद पडलेल्या गर्भाशयाला डॉक्टर ते हृदयाचे ठोके ऐकत सावकाश देतात. परंतु गाभण कुत्रीला महिनाभर कॅल्शियमची बाटली पाजण्याची जी रीत पडली आहे, ती नुकसानकारक आहे. बाहेरून भरपूर मिळू लागले की हाडांतून कॅल्शियम काढणारी पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावते, आणि पुढे दुधाची मागणी एकदम वाढल्यावर ती वेळेवर जागी होत नाही. मग विल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः लहान जातींत, अंग ताठरणे, थरथर आणि झटके सुरू होतात. असे दिसताच पिल्ले आईपासून वेगळी करून तिला तातडीने दवाखान्यात न्यावे.

ऑपरेशन करायचे की नाही, हे पिल्लांच्या हृदयावरून ठरते. सोनोग्राफीत ठोके मिनिटाला २०० च्या वर असतील, तर थोडा अवधी असतो. ते १८० च्या खाली गेले की पिल्लू संकटात असते आणि १५० च्या आसपास आल्यावर एक मिनिटही दवडू नये. सिझेरियनला घाबरून रात्र काढणारे अनेक जण पहाटे मेलेली पिल्ले आणि विषबाधेच्या वाटेवरची आई घेऊन येतात. बाळंतपणे पुष्कळदा रात्रीच होतात, त्यामुळे आपल्या गावात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो आणि तिथे ऑपरेशनची सोय आहे का, हे आठवडाभर आधीच विचारून ठेवावे.

निपचित जन्मलेल्या पिल्लाला झोके देऊन पाणी काढण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्या झटक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. नाकातोंडावरचे आवरण फाडावे, रबरी पिचकारीने चिकट पाणी ओढून घ्यावे, डोके किंचित खाली ठेवून टॉवेलने पाठ आणि छाती चोळत राहावे. नाळ पोटापासून दोन बोटे सोडून दोऱ्याने बांधावी. पिल्लाला पहिला आठवडाभर कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही आणि गारठलेले पिल्लू दूध पचवू शकत नाही, म्हणून आधी ऊब आणि मग दूध. संरक्षक प्रतिपिंडांचा फारच थोडा अंश वारेतून मिळतो. बाकी सारे आईच्या चिकातून येते आणि आतडे ते साधारण पहिल्या २४ तासांपर्यंतच शोषू शकते, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक. सिझेरियन झालेली आई भुलीतून पुरती बाहेर येईपर्यंत पिल्लांवर लोळू शकते, क्वचित चावूही शकते. तोवर तिला कुशीवर निजवून, एका हाताने तिचे डोके धरून, एकेक पिल्लू सडाला लावावे आणि प्रत्येकाच्या तोंडात चीक गेल्याची खात्री करून घ्यावी.