कान पुन्हा पुन्हा का ठणकतो?

पाळी नुसती ओढली तरी जीव कळवळतो, आत खाज सुटते, थोडं पाणी येतं. थेंब घातले की आठवड्याभरात बरं वाटतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. हे दुखणं पडद्याआडचं नसतं. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत जी जेमतेम 2.5 सेंटिमीटरची नळी असते, तिच्या त्वचेचं असतं.

ही नळी स्वतःची झाडलोट स्वतःच करते. पडद्यावरची त्वचा हळूहळू बाहेर सरकत असते, साधारण नख वाढतं त्या गतीनं, आणि सरकताना मळही सोबत आणते. तो मळ म्हणजे घाण नव्हे. तेलकट असल्यानं तो त्वचेत पाणी मुरू देत नाही आणि किंचित आम्ल असल्यानं जिवाणूंना मानवत नाही. बड्स फिरवले की हे अस्तर निघून जातं (बराचसा मळ तर आतच ढकलला जातो) आणि त्वचेवर बारीक ओरखडे उठतात. त्यात पोहताना पाणी शिरून साचलं की स्यूडोमोनाससारख्या ओलाव्यात फोफावणाऱ्या जिवाणूंचं फावतं. मग खाज येते आणि हात पुन्हा बड्सकडे जातो!

म्हणून कानात काहीही घालायचं नाही, हा पहिला नियम. पाळायला सगळ्यात अवघडही तोच. पाणी गेलंच तर डोकं कलतं करून पाळी वर आणि मागे ओढावी. नळी सरळ होते, पाणी ओघळतं. हेअर ड्रायर चालेल, पण अगदी मंद आणि हातभर लांबून. वारंवार पोहणाऱ्यांना डॉक्टर कधी सौम्य अ‍ॅसिटिक आम्लाचे थेंब देतात. पडद्याला भोक असेल तर ते घालू नयेत, त्यामुळे आधी कान दाखवलेला बरा.

ठणका थांबला म्हणून थेंब मध्येच बंद केले तर संसर्ग उलटतो. उलट, उरलेली बाटली मनानं वापरत राहिलं तर जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

इतकं सांभाळूनही त्रास होत असेल तर एक्झिमा, शाम्पू किंवा केसांच्या रंगाची अ‍ॅलर्जी, तासन्‌तास घातलेले इअरफोन किंवा श्रवणयंत्राचा साचा यांवर संशय घ्यावा. मूळ त्वचारोग बरा होईपर्यंत थेंबांचा उपयोग तात्पुरताच.

मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र घरी वाट पाहू नये. हा संसर्ग क्वचित कवटीच्या हाडापर्यंत पोहोचतो. रात्री झोपू न देणारा ठणका ही त्याची खूण असू शकते.