वेस्टगेट अडकलंय की हवेचा पाइप गळतोय?

कसारा घाटात भरलेला ट्रक एरवी ज्या गिअरवर चढायचा, त्याच्या एक गिअर खाली येतो. ड्रायव्हर एवढंच सांगतो, 'गाडी उचलत नाही.' डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून झाले की संशय टर्बोवर, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्यावर, जातो. तिथे दोन वेगळे बिघाड अगदी सारखे दिसतात: वेस्टगेट उघडं अडकणं, किंवा इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपातून हवा गळणं. दोन्हींत बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, कमी. स्कॅनर लावला तर दोन्हींत पी०२९९ (बूस्ट कमी) हाच कोड येऊ शकतो. दाब कमी आहे एवढं सेन्सरला कळतं. तो कशामुळे कमी आहे, हे कळत नाही.

खरा फरक टर्बोच्या वेगात आहे. वेस्टगेट ही टर्बाइनच्या बाजूची झडप. ती उघडी राहिली की एक्झॉस्टचा बराच वायू टर्बाइनला न फिरवता सरळ सायलेन्सरकडे निघून जातो. टर्बो हळू फिरतो, त्यामुळे मुळात दाबच तयार होत नाही. पाइप फाटला असेल तर याच्या उलट: टर्बो हवा दाबतो, पण ती वाटेतच निसटते. दाब ठरलेल्या पातळीला न पोचल्यामुळे वेस्टगेट बंदच राहतं आणि टर्बो नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळत राहतो. अशी गाडी तशीच लोडवर चालवत राहिलात तर चांगला टर्बोही हातचा जातो. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आधी गळती शोधा.

गळतीच्या खुणा बहुधा दिसतात. लोडवर फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, होसच्या क्लॅम्पजवळ तेलकट ओल धरते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात काळा धूर भरपूर निघतो, पण त्यावर फार विसंबू नका: वेस्टगेट अडकलं तरी तो येतोच. बीएस ६ गाडीत तर डीपीएफ (एक्झॉस्टमधला फिल्टर) काजळी अडवतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल कमी करतो, म्हणून धूर जवळपास दिसतच नाही. खात्री करायची तर टर्बोचं हवेचं तोंड टोपीने घट्ट बंद करून कंपनीने सांगितलेल्या कमी दाबाची हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. टोपी उडू शकते, समोर उभं राहू नका. होसची खालची बाजू हात घालून तपासा. चीर तिथेच लपलेली असते आणि इंजिन बंद असताना मिटून जाते.

पाइप ठीक निघाले तरच वेस्टगेटकडे वळा. इंजिन थंड होऊ द्या. ॲक्च्युएटरची (रॉड ढकलून वेस्टगेट उघडणाऱ्या डबीची) बारीक नळी काढून तिथे गेज असलेला हातपंप लावा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा थेट सोडलीत तर आतला डायफ्राम (लवचीक पडदा) फाटेल. दाब हळूहळू वाढवत न्या: मॅन्युअलमधल्या आकड्याला रॉड हलायला लागला पाहिजे, आणि दाब सोडला की न अडखळता पूर्ण मागे आला पाहिजे. मध्येच थांबला तर रॉड झडपेच्या आर्मपासून सोडवून आर्म हाताने फिरवून बघा. तोच जड असेल तर कार्बन किंवा गंज धरलाय. दाब धरून ठेवल्यावर गेजचा काटा खाली येत असेल तर डायफ्राम गळतोय.

इथे एक उलटी गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. बूस्टच्या दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरमध्ये डायफ्राम फाटला किंवा ती नळी निसटली, तर झडप उघडतच नाही आणि बूस्ट कमी होण्याऐवजी प्रमाणाबाहेर वाढतो. गाडी उचलत नसताना फाटक्या डायफ्रामला दोष देऊन ॲक्च्युएटर बदलला, तर मूळ दुखणं तसंच राहतं. व्हॅक्यूमवर किंवा इलेक्ट्रिक मोटरवर चालणाऱ्या वेस्टगेटला हा हिशोब लागू नाही, आणि व्हीजीटी (आतली पाती फिरवून बूस्ट सांभाळणाऱ्या) टर्बोत तर बहुधा वेस्टगेट नसतंच.

बूस्ट कमी दिसला की लॉकनट सैल करून रॉड आखूड करायचा, हा उपाय बऱ्याच ठिकाणी सर्रास होतो. त्याने झडप उशिरा उघडते. पाइप गळत असताना हे केलं तर आधीच जोरात पळणाऱ्या टर्बोचा शेवटचा आवर सैल होतो. पुढे कधी पाइप बदलला की बूस्ट एकदम वर जातो आणि हेड गॅस्केटवर ताण येतो. रॉडची लांबी बदलायचीच असेल तर गेज लावून, कंपनीच्या आकड्याप्रमाणेच बदला.