क्रशरचं ब्लेड मागवताय? आधी मशीनमध्ये काय टाकता ते सांगा

बहुतेक फोन एकाच मागणीचे असतात, सगळ्यात कडक मटेरियलचं ब्लेड द्या म्हणजे वर्षभर बघायला नको. पण कडकपणा वाढवला की ठिसूळपणा पण वाढतो, आणि आपल्या किनाऱ्यावर क्रशरमध्ये नुसतं स्वच्छ प्लास्टिक जातं कुठं? मासळीचे फुटके क्रेट, जुनी नायलॉनची जाळी, त्यात रेती, शिंपले, एखादा लोखंडी हूक, सगळं एकदम आत.

माल साफ असेल, म्हणजे धुतलेल्या बाटल्या, क्रेट वगैरे, तर डी-२ (हत्यारांसाठीचं एक कडक स्टील) बिनधास्त घ्या. यात कार्बन साधारण १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, हार्डनिंग (तापवून कडक करणं) करून ५८ एचआरसीच्या (कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तेवढं कडक) आसपास ठेवलं की धार मस्त टिकते. एवढं क्रोमियम आहे तर गंजणार नाही ना, असं हमखास विचारतात. गंजतं हो! बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कडक कणांमध्ये, अडकलेलं असतं, स्टेनलेससारखं मोकळं नसतं, त्यामुळे जाळी आधी गोड्या पाण्यात धुवा (रेतीही निघून जाते) आणि मशीन बंद करताना ब्लेडवर ऑइलचा हात फिरवा.

लोखंड येण्याची शक्यता असेल तर एच-१३ स्टील घ्या, डी-२ पेक्षा कमी कडक पण चिवट, ५० ते ५२ एचआरसी. धार लवकर जाते हे मान्य, पण धार परत लावता येते, टवका उडाला तर तो तुकडा आत फिरून बाकीच्या ब्लेडची पण वाट लावतो.

ईएन-३१ स्टील स्वस्त पडतं, हलक्या कामाला ठीक, पण पावसाळ्यात बंद मशीनवर गंज धरणारच.

काळा दगड फोडणाऱ्या जॉ क्रशरचं गणित वेगळं. तिथं ११ ते १४ टक्के मँगनीजवालं स्टील, दगडाचा मार बसेल तसा वरचा थर कडक होत जातो, पण नुसती रेती घासत असेल आणि मार नसेल तर तो फायदा मिळत नाही.

धार लावून आणलेलं ब्लेड उजेडात धरून बघा. कडेला निळसर पट्टा दिसला तर कूलंटशिवाय (थंड ठेवणारं पाणी न सोडता) घासलंय, तिथला कडकपणा गेला, मग मटेरियलला शिव्या देऊ नका.

ऑर्डर देताना जुनं ब्लेड आणि पिशवीभर माल पाठवा, नुसत्या फोटोवरून आम्ही बनवत नाही. फिरती ब्लेडं पूर्ण सेटमध्येच बदला, वजन कमीजास्त झालं तर बेअरिंग जातं. आणि गणपतीच्या तोंडावर अर्जंट काम आणू नका, तेव्हा हार्डनिंगवाला पण गावाला गेलेला असतो.